घरी पीसी जुळवताय? दोन मदरबोर्डांतला एक कसा निवडायचा

पीसी जुळवायचा ठरला की माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचे व्हिडिओ महिनाभर बघतो, आणि मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकीचे सगळे भाग बसतात ती पाटी, मात्र शेवटच्या दिवशी दुकानदाराला विचारून घेतो. "एखादा बी६५० द्या." दुकानदार म्हणतो, "दादा, सगळे सारखेच असतात," आणि फळीवर जो पडून आहे तो हातात देतो. पीसी चालू होतो, सगळे खूश होतात. अडचण कळते ती दीड-दोन वर्षांनी, दुसरी एसएसडी लावताना किंवा नवा प्रोसेसर बसवताना.

बोर्ड पीसीला वेगवान करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच ग्राफिक कार्ड साध्या पण धड बोर्डावर लावा किंवा तिप्पट किमतीच्या बोर्डावर, गेममधल्या फ्रेम जवळपास तेवढ्याच येतात. बोर्डाच्या हातात असतं ते अडवणं: जास्त ताकदीचा प्रोसेसर अडवणं, तिसरी एसएसडी अडवणं, कॅबिनेटचा पुढचा टाइप-सी पोर्ट अडवणं. म्हणून दोन बोर्ड शेजारी ठेवले की "कोणता भारी?" हे विचारूच नका. "यातला कोणता मला कुठे अडवेल?" एवढं शोधा, आणि जो अडवणार नाही त्यातला स्वस्त उचला.

उदाहरण म्हणून एक ठरावीक जुळणी धरू. रायझन ५ ७६००, मध्यम दर्जाचं एक ग्राफिक कार्ड, ३२ जीबी रॅम, आज एक एसएसडी, पुढे अजून एक, आणि जुन्या पीसीतून काढलेली एक हार्ड डिस्क. गेम, कॉलेजचं काम, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार.

पहिली पायरी: सॉकेट

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ठरलं की अर्धे बोर्ड आपोआप यादीतून जातात. एएमडीचं एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्यात फक्त डीडीआर५ रॅम बसते, आणि २०२७ पर्यंत व पुढेही हे सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. इंटेलचं एलजीए १७०० बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपुरतं होतं. त्या बोर्डावर पुढचा नवा प्रोसेसर येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतं.

सॉकेट टिकण्याला किंमत किती द्यायची? एक जुना दाखला पुरेसा आहे. २०१७ साली घेतलेला बी३५० बोर्ड असलेल्यांतल्या अनेकांना बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोज तीच. तुम्ही दर तीन-चार वर्षांनी प्रोसेसर बदलणारे असाल तर हे फार मोलाचं आहे. पीसी जुळवून सात वर्षं झाकण न उघडणारे असाल तर त्याचा उपयोग शून्य. मग स्वस्तात मिळणारा एलजीए १७०० चा संचही चालेल, विशेषतः जुनी डीडीआर४ रॅम घरात पडली असेल तर. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले की जुनी रॅम वापरता येणं ही खरीच बचत झाली. फक्त बी७६० (एलजीए १७०० चा मधल्या दर्जाचा बोर्ड) घेताना नाव पूर्ण वाचा: एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एक डीडीआर४ चा, एक डीडीआर५ चा. शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिलं असेल तर तो जुन्या रॅमचा. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

दुसरी पायरी: चिपसेटची अक्षरं

चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणारी चिप, तिच्यावरून बोर्डाला नाव पडतं. एएम५ मध्ये ए६२०, बी६५०, बी६५०ई, एक्स६७०, एक्स६७०ई. मग २०२४ मध्ये एक्स८७० आणि एक्स८७०ई. २०२५ च्या सुरुवातीला बी८४० आणि बी८५०. आकडा मोठा म्हणजे बोर्ड चांगला, असं समजून लोक पैसे मोजतात. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० या तिन्ही बोर्डांवर बसवलेली चिप मुळात एकच आहे. फरक आहे तो एएमडीने बोर्ड बनवणाऱ्यांवर घातलेल्या अटींचा. एक्स८७० म्हणायचं तर यूएसबी४ (बाहेरच्या उपकरणांसाठीचा वेगवान पोर्ट) द्यावंच लागतं आणि ग्राफिक कार्डाचा स्लॉट पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट) ५.० चा लागतो. बी८५० ला एसएसडीचा एक स्लॉट ५.० चा लागतो. 'ई' लागलेल्यांत बी६५०ई म्हणजे ग्राफिक स्लॉट ५.० चा, आणि एक्स६७०ई किंवा एक्स८७०ई म्हणजे तीच चिप दोनदा, म्हणून जास्त पोर्ट, जास्त स्लॉट.

आपल्या उदाहरणातल्या माणसाला यातलं काय लागतं? यूएसबी४ ला लावायला त्याच्याकडे काही नाही. मध्यम ग्राफिक कार्ड ४.० च्या स्लॉटमध्ये आरामात चालतं. ५.० ची एसएसडी सेकंदाला १४ जीबीपर्यंत जाते आणि ४.० ची ७ जीबीपर्यंत, पण गेम उघडताना हाताला फरक जाणवत नाही. म्हणजे एक्स८७० बाद. ए६२० आणि बी८४० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येत नाही, पण ते आज कोण करतं? रॅमचं ओव्हरक्लॉकिंग दोन्हींवर चालतं. ए६२० वर खरी शंका वीजपुरवठ्याची, तिच्याकडे पुढे येतो.

इंटेलकडे एच६१० पासून जरा जपून. त्यावर रॅमचे स्लॉट दोनच, रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, आणि एम.२ (बोर्डावर आडवी बसणाऱ्या पातळ) एसएसडीला प्रोसेसरच्या थेट लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, मिळत नाहीत. ऑफिसच्या टायपिंगला ठीक. ग्राफिक कार्ड लावणार असाल तर बी७६० वर या.

तिसरी पायरी: मॅन्युअल उघडा

बहुतेकजण गाळतात ती हीच पायरी. कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाचं मॅन्युअल पीडीएफमध्ये फुकट असतं. बोर्ड विकत घ्यायच्या आधी ते उतरवा आणि स्लॉटांच्या पानावरच्या बारीक टिपा वाचा. खोक्यावर '४ एम.२ स्लॉट' असं ठळक छापलेलं असतं; मॅन्युअलमध्ये खाली बारीक अक्षरांत असतं की चौथ्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली तर खालचा पीसीआयई स्लॉट बंद होईल, किंवा दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायचे) बंद होतील.

असं का होतं ते समजलं की वाचायला सोपं जातं. रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसरमधून वापरायला एकूण २४ लेन बाहेर येतात. त्यातल्या १६ ग्राफिक कार्डाला, ४ पहिल्या एसएसडीला, आणि उरलेल्या ४ बोर्ड बनवणारा त्याच्या मर्जीने वापरतो. यांशिवाय ४ लेन चिपसेटकडे जातात. चिपसेटवर टांगलेलं सगळं, म्हणजे तिसरी एसएसडी, साटा, लॅन, बरेचसे यूएसबी, त्या चार लेनवरून जातं, सेकंदाला साधारण ८ जीबी. एकाच टाकीवरचे नळ आहेत ते. एकावेळी सगळे पूर्ण सुटले तर धार कमी होणारच. रोजच्या वापरात असं क्वचित घडतं, त्यामुळे त्याची फार काळजी नको. काळजी करायची ती 'बंद होईल' या शब्दांची.

गंमत म्हणजे महाग बोर्डात हा गुंता जास्त असतो. एक्स८७० वरचं यूएसबी४ प्रोसेसरच्या लेन खातं, म्हणून काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की यूएसबी४ चा वेग अर्धा होतो. काही एक्स८७०ई बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक कार्डाचा स्लॉट १६ लेनवरून ८ वर येतो. जास्त पैसे देऊन ग्राफिक कार्डाच्या लेन कमी करून घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

प्रोसेसर कोणता हेही इथे मोजा. ८६००जी किंवा ८५००जी असे ग्राफिक्सवाले रायझन घेतले तर लेनच कमी मिळतात, आणि बोर्डाचा कागदावरचा एखादा स्लॉट प्रत्यक्षात निकामी राहू शकतो. मॅन्युअलमध्ये प्रोसेसरच्या मालिकेनुसार वेगळा रकाना असतो, तो बघा.

आणखी एक: लांब दिसणारा प्रत्येक स्लॉट सोळा लेनचा नसतो. खालचा लांब स्लॉट अनेकदा आतून चार लेनचा, काही वेळा एकाच लेनचा असतो. कॅप्चर कार्ड किंवा साउंड कार्ड लावणार असाल तर हे तपासा. आणि मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराच्या, बोर्डावर जाडजूड ग्राफिक कार्ड बसलं की खालचे एक-दोन स्लॉट झाकलेच जातात. बोर्डाच्या फोटोवर बोट ठेवून मोजून बघा.

चौथी पायरी: व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरची वीज

एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या कडेच्या चौकोनी भागांचं. जाहिरातीत '१२+२+१ फेज' (फेज म्हणजे असा एकेक संच) असं लिहितात: बारा प्रोसेसरच्या कोअरना, दोन त्यातल्या इतर भागांना, एक किरकोळ. नुसता आकडा बघून भुलू नका. ५० अँपिअरच्या बारा फेज म्हणजे ६००, आणि ८० अँपिअरच्या आठ म्हणजे ६४०.

आता गरज मोजा. रायझन ५ ७६०० सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. उद्या ९८००एक्स३डी बसवलात तर १६२ वॅट. सव्वा व्होल्टच्या हिशेबाने १३० अँपिअर. म्हणजे बऱ्यापैकी बी६५० वर क्षमता भरपूर उरते. प्रश्न उष्णतेचा. या भागावर अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा तुकडा) आहे का, ती खरी जड आहे की नुसती सजावटीची पट्टी, हे बघा. हीटसिंक नसलेला ए६२० बोर्ड ७६०० ला पुरेल, पण पुढच्या प्रोसेसरचा बेत असेल तर तो बोर्ड तुम्हाला अडवेल. काही ए६२० बोर्डांच्या प्रोसेसर यादीत कागदावर १७० वॅटचे, प्रत्यक्षात २३० ओढणारे रायझन ९ नसतातच. २३० वॅट ओढणारा ७९५०एक्स किंवा २५३ वॅटचा कोअर आय९ १४९००के घ्यायचाच असेल, तरच व्हीआरएमवर जास्त पैसे घाला.

यूट्यूबवर व्हीआरएमच्या तापमानाच्या चाचण्या मिळतात, पण त्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात एसीशिवाय पीसी चालवणाऱ्याने त्या आकड्यात पंधरा-वीस अंश मिळवूनच वाचावं. चाचणीत ९५ दाखवणारा बोर्ड मग विचारातही घेऊ नये, ६५ दाखवणारा चालेल.

पाचवी पायरी: रॅमचे स्लॉट

चार स्लॉट असलेला बोर्ड बरा, असं डीडीआर४ च्या दिवसांपासून आपण ऐकत आलोय. डीडीआर५ मध्ये हे तितकंसं खरं राहिलेलं नाही. रायझन ७००० ला दोन रॅमवर एएमडीचा अधिकृत वेग ५२००, आणि चारही स्लॉट भरले की ३६००. प्रत्यक्षात थोडं वर जाता येतं, पण चार रॅमवर ६००० स्थिर चालवणं डोकेदुखी असते. म्हणून १६ जीबीच्या दोन घ्या, आणि पुढे ६४ लागले तर त्या विकून ३२ च्या दोन घ्या. मग दोन स्लॉटचा बोर्ड कमी किमतीत मिळत असेल तर मी तरी नाक मुरडणार नाही. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा.

सहावी पायरी: पोर्ट आणि टोकं

इथे फार वेळ घालवायचा नाही, पण कागदावर मोजून घ्यायचं. मागचे यूएसबी किती, कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर त्याचं हेडर (केबल लावायचं टोक) बोर्डावर आहे का, पंख्यांची टोकं किती, साटा किती. लायटिंगचं तीन पिनी टोक ५ व्होल्टचं आणि चार पिनी १२ व्होल्टचं. ५ चा पंखा जबरदस्तीने १२ वर लावला तर दिवे गेलेच. मागचे एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतात. ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही.

२.५ गिगाबिट लॅनसाठी वेगळे पैसे देऊ नका, घरातलं ब्रॉडबँड तिथवर क्वचितच जातं. वायफाय मात्र बोर्डातच असलेलं बरं. पीसीच्या खोलीत केबल येत नसेल तर नंतर वेगळं कार्ड घेण्यापेक्षा वायफायवाला बोर्ड सहसा परवडतो.

सातवी पायरी: बायोस

बोर्ड खोक्यात किती महिने पडून होता ते कुणाला ठाऊक नसतं. बी६५० वर रायझन ९००० चालतो, पण बायोस त्या प्रोसेसरला ओळखणारा हवा. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान बायोस आवृत्ती. खोक्यावर 'रायझन ९००० रेडी' असा स्टिकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या पोर्टमध्ये लावून बटण दाबायचं. प्रोसेसर आणि रॅम न बसवताही काम होतं. एकाच किमतीच्या दोन बोर्डांत एकाला हे बटण असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर मी डोळे झाकून बटणवाला घेतो.

बायोस अपडेट नुसत्या नव्या प्रोसेसरसाठी नसतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा नव्या बायोसने एसओसीच्या (प्रोसेसरमधल्या कोअरबाहेरच्या भागांच्या) व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर ऑगस्ट २०२४ पासून आलेले मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) बायोसमधूनच मिळाले. म्हणून दोन बोर्डांच्या पानांवर शेवटचं बायोस कधीचं आहे तेही बघा.

गिगाबाइटचे बोर्ड बघताना नावापुढचा 'रेव्ह' (आवृत्तीचा) आकडा वाचा. एकाच नावाचे १.०, १.१, १.२ असे प्रकार निघतात, आतले भाग बदललेले असू शकतात, बायोसची फाइलही वेगळी असू शकते. परीक्षण १.० चं वाचायचं आणि घरी १.२ आणायचा, असं सहज होतं. तो आकडा बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेला असतो.

आता तिघांतला एक

आपल्या जुळणीसाठी शेवटी समोर तीन उरतात. पहिला हीटसिंक नसलेला ए६२०, दोन रॅम स्लॉट, एकच एम.२. दुसरा मायक्रो एटीएक्स बी६५०, हीटसिंक आहे, दोन एम.२ दोन्ही प्रोसेसरवरून, चार साटा, वायफाय, फ्लॅशबॅक. तिसरा पूर्ण आकाराचा एक्स८७०, चार एम.२, यूएसबी४, झगमगाट. पहिला दुसऱ्या एसएसडीला अडवतो आणि पुढच्या प्रोसेसरला तापवतो. तिसरा काही अडवत नाही, पण त्याचे जादा पैसे ज्या गोष्टींसाठी आहेत त्या हा माणूस वापरणारच नाही. दुसरा घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक कार्डात घाला, तिथे ते दिसतील.

दोन बी६५० एकमेकांच्या अगदी जवळ असतील, तर कंपनीच्या नावावर वाद घालू नका. एसुस, एमएसआय, गिगाबाइट, एएसरॉक या चारही तैवानच्या कंपन्यांकडे चांगले आणि टाकाऊ असे दोन्ही बोर्ड आहेत. 'गेमिंग' हा शब्द तर पूर्ण दुर्लक्षित करा. तेव्हा ठरवायचं सर्व्हिस सेंटरवरून. भारतात बोर्डांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की कुरिअरने पाठवायचं, हे आधी विचारून ठेवा. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून बोर्ड मागवणार असाल तर ती वॉरंटी भारतात चालते का ते लेखी बघा, अनेकदा चालत नाही.

दुकानात आणि घरी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. दुकानात असाल तर काउंटरवरच खोकं उघडून घ्या. सॉकेटचं काळं झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चने तिरप्या प्रकाशात पिनांकडे बघा. सगळ्या रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जागा वेगळी चमकली तर बोर्ड तिथेच बदलून मागा. वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते, आणि नंतर ती आधीपासूनच वाकलेली होती हे सिद्ध करता येत नाही. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाच पिनांचा व्हिडिओ काढून ठेवा.

घरी पहिल्यांदा सुरू केल्यावर एएम५ चा बोर्ड काही मिनिटं काळा पडदा दाखवून बसतो. तो रॅम ओळखत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका. पडदा आला की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम कमी वेगाने पळत राहील. विंडोज ११ च्या इन्स्टॉलरला नव्या वायफायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर अनेकदा सापडत नाही, म्हणून तो आधीच पेनड्राइव्हवर घ्या.

परत करायची मुदत संपायच्या आत सगळं एकदा वापरून बघा: प्रत्येक यूएसबी, प्रत्येक एम.२ स्लॉटमध्ये आळीपाळीने एसएसडी, दोन्ही चॅनेलवर रॅम, हेडफोन जॅक. आणि सॉकेटचं ते काळं झाकण फेकू नका, बोर्डाच्या खोक्यात ठेवा. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लावून मागतात.